वारशात आलेलं जुनं चित्र: किंमत विचारण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाडा पाडायला काढल्यावर आजोबांच्या दिवाणखान्यातली तीन चित्रं वाटणीला आली. पहिलं लक्ष्मीचं, घरात सगळे त्याला ‘रविवर्म्याची लक्ष्मी’ म्हणतात. दुसरं पणजोबांचं मोठं पोर्ट्रेट, खाली कोपऱ्यात अर्धवट वाचता येणारी इंग्रजी सही. तिसरं एका तरुणीचं, जाड कागदावर रंगवलेलं, देवनागरीत ‘दलाल’ अशी सही असलेलं. यांना काही किंमत आहे का, आणि ती विचारायची कुणाला?

कुणालाही विचारायच्या आधी एक गोष्ट: आज या चित्रांना काहीही करू नका. पुसू नका, नवी फ्रेम करू नका, वॉर्निश मारू नका. बटाट्याच्या फोडीने, लिंबाने, रॉकेलच्या बोळ्याने तैलचित्र पुसायचे घरगुती उपाय अजूनही सांगितले जातात. बटाट्याचा स्टार्च भेगांत शिरतो आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. लिंबाचं आम्ल आणि रॉकेल वॉर्निशवर आणि त्याखालच्या पातळ रंगावर चालून जातात, आणि चेहऱ्यावरच्या हलक्या छटा सगळ्यात आधी जातात. नव्या फ्रेमचा तोटा यापेक्षा मोठा आहे. फ्रेमवाला जुनी पाठ काढून फेकतो, आणि चित्र कुणाचं, कुठून आलं, केव्हा लागलं याचा निम्मा पुरावा त्या पाठीवर असतो. तुमच्या तिन्ही चित्रांची किंमत शेवटी या पुराव्यावरच ठरणार आहे.

लागणारी साधनं

सोनाराकडे असतं तसं १० पट मोठं दाखवणारं भिंग, एक साधी टॉर्च, ३६५ नॅनोमीटरची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, मोजपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा. भिंग काही शे रुपयांत मिळतं. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेताना ३९५ नॅनोमीटरची स्वस्त टॉर्च टाळा. तिचा जांभळा उजेडच इतका पडतो की चित्राची स्वतःची चमक दिसत नाही. डोळ्यांत ती मारू नका.

चित्र भिंतीवरून उतरवताना दोघं लागा. जुनी तार आणि खिळे गंजलेले असतात. टेबलावर स्वच्छ चादर घडी करून घाला आणि चित्र त्यावर पालथं ठेवा. मात्र रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसत असतील तर पालथं ठेवू नका, उभंच धरून पाठ बघा. काचेच्या आतल्या बाजूने रंगवलेली जुनी काचचित्रं तर उघडूच नका. त्यांचा रंग काचेला जेमतेम धरून असतो आणि पाठीमागची फळी ओढली की तिच्याबरोबर निघून येतो.

पहिलं चित्र: छापलेलं की रंगवलेलं

मराठी घरांतल्या ‘रविवर्म्यां’पैकी जवळजवळ सगळी चित्रं ओलिओग्राफ, म्हणजे दगडी छापाची आहेत. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, तरी छपाई पुढे कित्येक दशकं चालू राहिली. त्यामुळे ‘रविवर्मा प्रेस’ एवढ्या अक्षरांवरून चित्र १८९४ चं ठरत नाही, आणि त्या प्रेसमधून निघालेलं प्रत्येक चित्र रविवर्म्यांच्या मूळ चित्रावरून केलेलं होतं असंही नाही. पुण्याच्या चित्रशाळेने त्याआधीपासून देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रं छापली होती. जर्मनीत छापून इथे विकायला आलेलीही बरीच आहेत. घरात या सगळ्यांना एकच नाव पडतं.

आता तपासणी. खोलीत अंधार करा आणि टॉर्च चित्राच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, बाजूने धरा. हाताने रंगवलेल्या तैलचित्रात रंगाचा उठाव विषयाप्रमाणे बदलतो: दागिन्यांच्या चमकेवर, जरीच्या काठावर रंग जाड, सावल्यांत पातळ. ओलिओग्राफला कॅनव्हासचा भास आणण्यासाठी छपाईनंतर रुळाने पोत उठवलेला असतो. तो आकाशावर, चेहऱ्यावर, कमळावर सगळीकडे एकसारखा दिसतो आणि कुंचल्याच्या दिशेशी त्याचं काही नातं नसतं.

मग भिंग लावा, सुरुवात गालावर करा. जुन्या दगडी छापात वेगवेगळ्या रंगांचे वेडेवाकडे, वाळूसारखे कण एकमेकांवर पडलेले दिसतील. एकेका रंगासाठी वेगळा दगड असायचा, म्हणून कडेला एखादा रंग केसभर सरकलेलाही सापडतो. याउलट नीट रांगेत, फुलासारख्या गोलाकार रचनेत बसलेले चार रंगांचे ठिपके दिसले तर ती नंतरची ऑफसेट छपाई, म्हणजे पुनर्मुद्रण. अतिशय बारीक फवाऱ्यासारखे ठिपके आणि खाली नवाकोरा कॅनव्हास असेल तर ती हल्लीची इंकजेट प्रत. सहीवरही भिंग फिरवा. सही ठिपक्यांचीच बनलेली असेल तर ती मूळ चित्रासकट छापली गेली आहे, तिला वेगळा अर्थ नाही.

ओलिओग्राफ ठरल्यावर बघायची ती खालची पांढरी पट्टी. तिथे चित्राचं नाव, छापखान्याचं नाव आणि गाव छापलेलं असे. मुंबईचा उल्लेख असलेल्या प्रती सुरुवातीच्या, ‘कार्ला-लोणावळा’ असलेल्या त्यानंतरच्या. बहुतेक घरांत फ्रेमच्या मापात बसवण्यासाठी ही पट्टी कापून टाकलेली असते आणि तिथेच किंमत घसरते. पट्टी फ्रेमखाली दुमडून शाबूत असेल तर तिला कात्री लावू देऊ नका. साडीच्या जागी खरं कापड, जर, टिकल्या, मणी चिकटवून सजवलेल्या प्रतींना संग्राहक वेगळा भाव देतात. घरच्या बायकांनी हौसेने केलेलं ते काम खराब समजून काढलं जातं, तसं करू नका.

भावाबद्दल स्पष्ट सांगायचं तर चांगल्या ओलिओग्राफची किंमत हजारांत मोजतात. रंग टिकून असलेली, पट्टीसकट, पाण्याचा डाग नसलेली किंवा दुर्मीळ विषयाची प्रत बरीच वर जाते, पण तिचा आणि मूळ तैलचित्राचा बाजार वेगळा आहे. २०२३ मध्ये रविवर्म्यांचं ‘यशोदा आणि कृष्ण’ मुंबईच्या लिलावात ३८ कोटी रुपयांना गेलं. ती बातमी वाचून घरच्या लक्ष्मीचा हिशेब मांडणं व्यर्थ आहे. नाव चुकीचं चिकटण्याचंही प्रमाण मोठं आहे. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं दिवा घेतलेल्या स्त्रीचं प्रसिद्ध चित्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, तेही जलरंगातलं, तरी आजही असंख्य लोक ते रविवर्म्यांचं म्हणूनच दाखवतात.

दुसरं चित्र: पणजोबा

इथे पहिला फाटा वेगळा आहे: तैलचित्र की रंगवलेला फोटो? शंभर वर्षांपूर्वी फोटो मोठा करून त्यावर हाताने रंग चढवण्याची पद्धत सर्रास होती, आणि कित्येक स्टुडिओ ‘ऑइल पेंटिंग’ म्हणूनच ते देत. भिंगाखाली डोळ्यांच्या कडा, मिशीचे केस, नाकाची सावली फोटोसारखी सलग, कुंचल्याची एकही रेघ नसलेली दिसेल, आणि पगडी, उपरणं, खुर्ची यांवर मात्र जाड अपारदर्शक रंग असेल. काळ्या भागांत, विशेषतः कडेला, तिरक्या उजेडात निळसर चंदेरी झाक दिसली तर खाली फोटोच आहे. ती झाक फोटोतल्या चांदीची असते. असं चित्र कुटुंबासाठी मोलाचं, कधी पोशाखाच्या किंवा स्टुडिओच्या अभ्यासासाठी महत्त्वाचं, पण लिलावात त्याला चित्रकाराचा भाव येत नाही.

खरोखर कॅनव्हासवरचं तैलचित्र असेल तर पाठीकडे वळा आणि घाई करू नका. कॅनव्हासच्या मागे विन्सर अँड न्यूटन, रीव्ज, राउनी अशा इंग्रजी रंगविक्रेत्यांचे शिक्के सापडतात. त्यांवरचे पत्ते आणि कंपनीच्या नावाचं रूप बदलत गेल्याने कॅनव्हास केव्हाच्या आधीचा नसणार हे कळतं. विन्सर अँड न्यूटन १८८२ मध्ये ‘लिमिटेड’ झाली, म्हणून तो शब्द असलेला शिक्का त्यानंतरचा. कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीला छोटे खिळे आहेत की स्टेपलच्या पिना? पिना साधारण विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या. मात्र जुनं चित्र नंतर नव्या चौकटीवर ताणलेलंही असू शकतं, म्हणून पिनांशेजारी जुन्या खिळ्यांची भोकं आणि गंजाचे डाग शोधा. भोकं असतील तर चित्र चौकटीपेक्षा जुनं.

फ्रेमवाल्याची चिठ्ठी अजिबात काढू नका. तिच्यावरचा पत्ता काळ सांगतो. सहा आकडी पिनकोड असेल तर चिठ्ठी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘मुंबई ४’ असा नुसता विभाग क्रमांक बहुधा त्याआधीचा. इंग्रजीत ‘पूना’ आणि ‘बॉम्बे’ ही जुनी रूपंही हेच काम करतात, फक्त लोक ती अधिकृत बदलानंतरही वापरत राहिले हे लक्षात ठेवा. फळी आणि चित्र यांच्यामध्ये कोंबलेला वर्तमानपत्राचा तुकडा तारखेसकट सापडला तर जपून ठेवा. तो फ्रेम केव्हा बसवली ते सांगतो, चित्र केव्हा झालं ते नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

सगळ्यात महत्त्वाची चिठ्ठी प्रदर्शनाची. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासून आहे. त्यांच्या वार्षिक प्रदर्शनांना गेलेल्या चित्रांच्या मागे चित्रकाराचं नाव, चित्राचा मथळा, क्रमांक, कधी किंमतही लिहिलेली कागदी पट्टी असते. क्रमांक त्या वर्षीच्या कॅटलॉगशी जुळला तर सहीपेक्षा भक्कम पुरावा हाती येतो.

आता सही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकलेल्या आणि संस्थानिक, वकील, सावकार यांची पोर्ट्रेट्स केलेल्या चित्रकारांत पेस्तनजी बोमनजी, एम. एफ. पिठावाला, गोव्याचे आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद, महादेव विश्वनाथ धुरंधर, हळदणकर ही मोठी नावं. कोल्हापूरकडे बाबूराव पेंटर आणि त्यांच्या आधीचे आबालाल रहिमान. पण त्यांच्याबरोबर जिल्ह्याजिल्ह्यात उत्तम हात असलेले, आज विसरले गेलेले ड्रॉइंग मास्तरही होते, आणि तुमच्या पणजोबांचं चित्र त्यांच्यापैकी कुणाचं असण्याची शक्यता जास्त आहे. अर्धवट अक्षरं प्रसिद्ध नावात बसवायचा मोह आवरा. आधी दिसतात तेवढी अक्षरं कागदावर उतरवा, मग नाव शोधा.

सहीचा रंग चित्राच्या भेगांवरून भेगांसकट तडकलेला असेल तर ती चित्राबरोबर म्हातारी झाली आहे. रंग भेगांच्या आत उतरलेला असेल तर भेगा पडल्यानंतर कुणीतरी ती केली. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली की जुनं राळेचं वॉर्निश हिरवट-पिवळसर चमकतं आणि नंतरची डागडुजी त्यावर काळ्या ठिगळांसारखी दिसते. सही वॉर्निशच्या वर तरंगल्यासारखी काळी उठून आली तर सावध व्हा. कॅनव्हासचं कापड किंवा कागद भगभगीत निळापांढरा चमकला तर त्यात साधारण १९५० नंतर वापरात आलेलं उजळवणारं रसायन आहे. मग १९१० ची तारीख टिकत नाही. प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी रंगद्रव्यं तपासून घेता येतात. टायटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या सुमारास बाजारात आला, तो १८९५ च्या म्हणवलेल्या चित्राच्या मूळ थरात असू शकत नाही. ही तपासणी ‘हे या माणसाचं नाही’ एवढंच सिद्ध करू शकते. ‘हे याचंच आहे’ असं कोणतंही यंत्र सांगत नाही.

बनावट चित्रांचा धोका खरा आहे. २००९ मध्ये सय्यद हैदर रझा दिल्लीत आपल्याच जुन्या चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची चित्रं आपली नसल्याचं त्यांनी सांगितलं. तुमच्या बाबतीत दिलासा असा, की शंभर वर्षं एकाच वाड्यात टांगलेलं पोर्ट्रेट कुणी मुद्दाम बनावट करून ठेवण्याची शक्यता कमी. पण नंतर कुणी ‘वजनदार’ सही घातली असण्याची शक्यता उरते.

चित्रकार ओळखला गेला तरी पोर्ट्रेटचा बाजार हट्टी असतो. त्याच चित्रकाराचं बाजाराचं दृश्य, पौराणिक प्रसंग किंवा नऊवारीतली स्त्री जितकी मागितली जाते तितका पगडीतला अनोळखी गृहस्थ मागितला जात नाही. पणजोबा सार्वजनिक जीवनातले असतील, म्हणजे संस्थानचे दिवाण, नाटककार, समाजसुधारक, तर मात्र गोष्ट बदलते. मग चित्रासोबत त्यांची ओळख पटवणारा कागद द्या.

तिसरं चित्र: मुखपृष्ठाचं मूळ

माझ्या मते तिघांत आधी लक्ष याच्याकडे द्यावं, कारण घरात त्याला सगळ्यात कमी मान मिळाला असणार. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगांवकर (१९१८–१९७६) यांनी मासिकांची आणि पुस्तकांची मुखपृष्ठं, कॅलेंडरं, दिवाळी अंक यांसाठी अफाट काम केलं. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. छपाई झाली की मूळ चित्र प्रकाशकाकडे, छपाईचे ठसे करणाऱ्या ब्लॉकमेकरकडे किंवा कुणा स्नेह्याकडे पडून राही. या दोघांना दीर्घकाळ ‘कॅलेंडरवाले’ म्हणून बाजूला ठेवलं गेलं, हा मराठी कलाविश्वाने केलेला अन्याय आहे. आता या मूळ चित्रांकडे गंभीरपणे पाहिलं जातं.

मूळ आणि छापील प्रत यांतला फरक इथेही भिंगच सांगेल. मूळ असेल तर अपारदर्शक जलरंगाचा मॅट, किंचित पावडरी थर, कुंचल्याच्या टोकाने ओढलेल्या रेघा, खाली पेन्सिलीचं रेखाटन आणि चुकलेली जागा झाकणारा पांढरा रंग दिसेल. कडेला निळ्या पेन्सिलीने लिहिलेली मापं, कापण्याच्या खुणा, ब्लॉकमेकरच्या सूचना, मासिकाच्या नावासाठी वर मोकळी सोडलेली जागा ही सगळी शुभचिन्हं. फ्रेमवाल्याला ‘घाणेरड्या कडा’ वाटून तो माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकतो किंवा कापतो. कापलेल्या असतील तर पुरावा कायमचा गेला.

मग छापील अंक शोधा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर अशा जुन्या ग्रंथालयांत मासिकांचे बांधलेले संच असतात. चित्र सापडलं की मुखपृष्ठाचा फोटो, वर्ष, महिना नोंदवा. छापील प्रतीत जे कापलं गेलं ते तुमच्या चित्रात जास्तीचं दिसत असेल तर तुमचं मूळ असण्याची बाजू बळकट होते. उलट छापील प्रतीत आहे तेवढंच, तितक्याच चौकटीत असेल तर कुणा हौशी माणसाने मासिकावरून केलेली नक्कल असू शकते. अशा नकला फार झाल्या, कारण दलाल आणि मुळगांवकर गिरवूनच अनेकांनी चित्रकला शिकली.

हा कागद काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका. दमट हवेत जलरंगाचा डिंक काचेला धरतो. तो सोडवणं तज्ज्ञाचं काम. काच सुटी असेल तर मागच्या खिळ्यांना पक्कडीने हळूच सरळ करून फळी काढता येईल. फळी तपकिरी पडलेली आणि कागदावर तिच्या शिरांचे डाग उमटलेले असतील तर मध्ये आम्लमुक्त पुठ्ठा घालावा लागेल, पण जुनी फळी टाकू नका, तीवर काही लिहिलेलं असेल तर आधी फोटो काढा.

एक कायदेशीर बाब: चित्र तुमचं झालं म्हणून ते छापण्याचा हक्क तुमचा होत नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. दलालांच्या बाबतीत ते २०३१ अखेरपर्यंत.

कागद आणि माणसं

घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या आत्याला, काकांना आजच बोलतं करा. चित्र कुणी आणलं, कुठे टांगलेलं असायचं, चित्रकार घरी येऊन बसला होता का, पैसे कुणी दिले. मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग लिहून काढून तारखेसह त्यांची सही घ्या. मुंजी-लग्नांच्या जुन्या फोटोंत पाठीमागच्या भिंतीवर हे चित्र दिसतं का ते शोधा. १९४८ च्या लग्नाच्या फोटोत चित्र दिसलं तर निदान तेव्हा ते अस्तित्वात होतं हे निर्विवाद. खतावण्या, पावत्या, मृत्युपत्र, वाटणीपत्र यांतला ‘एक मोठी तसबीर’ एवढा उल्लेखही कामाचा आहे.

वाटणी लेखी झाली नसेल तर विक्रीआधी सगळ्या वारसांचं संमतिपत्र लागेल. प्रामाणिक लिलावगृह मालकीचा पुरावा मागतंच, आणि जो मागत नाही त्याच्याकडे चित्र देऊ नये.

फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत, फ्लॅश न वापरता काढा. पुढून पूर्ण, मागून पूर्ण, चारही कोपरे, सही, प्रत्येक चिठ्ठी, खराब झालेली प्रत्येक जागा. माप सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी, फ्रेम सोडून. खराबी लपवू नका. प्रत्यक्ष पाहिल्यावर ती दिसणारच आणि मग तुमच्या बाकी माहितीवरचाही विश्वास जातो.

भाव कसा काढायचा आणि कुणाला विचारायचं

पंडोल्स, सॅफ्रनआर्ट, अस्तागुरू या मुंबईच्या लिलावगृहांचे जुने निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर बघता येतात. त्याच चित्रकाराचं, त्याच माध्यमातलं, जवळच्या मापाचं, तशाच विषयाचं चित्र शोधा. धुरंधरांच्या पोस्टकार्डाएवढ्या जलरंगाची तुलना त्यांच्या मोठ्या तैलचित्राशी होत नाही. विकली न गेलेली चित्रंही नोंदवा, कारण अंदाज जास्त लावला की काय होतं ते त्यांवरून कळतं. छापून येणाऱ्या रकमेत बहुधा खरेदीदाराने भरायचं जादा शुल्क धरलेलं असतं. विकणाऱ्याच्या हाती येते ती बोलीची रक्कम, तीही लिलावगृहाचं कमिशन वजा होऊन.

लिलावगृहाला फोटो पाठवल्यावर प्राथमिक अंदाज सहसा मोफत मिळतो. दोन ठिकाणी विचारा. चित्र देण्याआधी लेखी घ्या: राखीव किंमत (जिच्याखाली चित्र विकायचं नाही ती) किती, कमिशन किती, वाहतूक, विमा आणि फोटोचा खर्च कुणाचा, चित्र विकलं गेलं नाही किंवा तुम्ही मागे घेतलं तर काय भरायचं. ‘मोठा ग्राहक तयार आहे, आधी प्रमाणपत्राचे पैसे भरा’ असं म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. घरी येऊन ‘तिन्ही मिळून इतके’ म्हणणाऱ्या मध्यस्थालाही. एकगठ्ठा बोलीत एकच चित्र त्याला हवं असतं. किंमत सांगणारा आणि विकत घेणारा एकच माणूस नसावा, आणि मूल्यांकनाची फी चित्राच्या किमतीच्या टक्क्यांत नसावी.

डोळ्याला तुलना मिळावी म्हणून मूळ चित्रं बघून या: औंधचं श्री भवानी संग्रहालय, पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडचा त्रिंदाद यांचा संग्रह, कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आबालाल रहिमान, बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्मा. एक दिवस खरं तैलचित्र जवळून पाहिलं की घरचा ओलिओग्राफ परत कधी फसवत नाही. दुरुस्तीचा सल्ला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्राकडे मागता येईल. दुरुस्ती मात्र ओळख पटल्यानंतरच. पाच हजारांच्या चित्रावर चाळीस हजारांची दुरुस्ती प्रेमापोटी करावी, हिशेबापोटी नव्हे.

कर आणि परदेश

भारतात वारसा कर नाही, पण विकल्यावर भांडवली नफा धरला जातो. चित्रं २००७ च्या अर्थ कायद्यापासून ‘वैयक्तिक वापराच्या वस्तूं’च्या सवलतीतून बाहेर आहेत. मूळ खर्च पूर्वजांचा धरतात, आणि चित्र १ एप्रिल २००१ आधी घरात आलं असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत धरता येते. तुमच्या तिन्ही चित्रांना हेच लागू. त्यासाठी कलाकृतींच्या नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल विक्रीआधी करून घ्या. जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के दर आहे, इंडेक्सेशन, म्हणजे महागाईनुसार मूळ खर्च वाढवून धरणं, नाही. वर अधिभार आणि उपकर किती लागतो ते सीएला विचारा.

वारसांपैकी कुणी अमेरिकेत किंवा दुबईत असेल आणि चित्र तिकडे न्यायचा बेत असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकृती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्म्यांसह नऊ चित्रकारांचं काम तर वय न बघता कलानिधी म्हणून इथेच राहतं: रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, निकोलस रोरिक, शैलोज मुखर्जी. शंभरच्या आतलं चित्र, उदाहरणार्थ तुमचं दलालांचं, न्यायचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला आधी घ्या. विमानतळावर कस्टमशी वाद घालून हे सुटत नाही. पणजोबांचं चित्र शंभरी ओलांडलेलं निघालं तर त्याची नोंदणी लागते का, हेही याच खात्याला विचारून घ्या.

हे सगळं चालू असेपर्यंत चित्रं बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर नकोत, देवघराच्या धुरात नकोत, स्वयंपाकघराशेजारी नकोत. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांमागे बुचाचे छोटे तुकडे लावून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा, म्हणजे मागून हवा खेळते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका, आत ओल कोंडून बुरशी येते. सुती कापड घालून, उभी, जमिनीपासून वर, आतल्या खोलीत ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पाठ उघडून वाळवी, कसर आणि पांढरी बुरशी बघत जा.